कतारगामचा क्षयरोग आणि दाराशी आलेला उपचार

सुरतच्या उत्तर भागातील कतारगाम हे एकेकाळी पापडीच्या शेतांसाठी ओळखले जाणारे गाव. हिवाळ्यात उंधियू करायचे म्हटले की सुरती गृहिणी आजही कतारगामची पापडी मागते. शेते मात्र शहराच्या पोटात गेली. त्यांच्या जागी हिऱ्यांना पैलू पाडणारे कारखाने, भरतकामाची यंत्रे आणि यंत्रमाग उभे राहिले. त्यांच्याबरोबर या यंत्रांवर राबणाऱ्या माणसांच्या दाट वस्त्याही आल्या. सौराष्ट्रातील दुष्काळाला कंटाळून आलेले पाटीदार हिऱ्यांच्या धंद्यात स्थिरावले, तर यंत्रमागांवर ओडिशातील गंजाम जिल्ह्याचा कामगार आला. खानदेशातून तापी खोऱ्याच्या रेल्वेने आलेला मराठी व अहिराणी बोलणारा श्रमिक प्रामुख्याने उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत वसला. सुरत महानगरपालिकेचा उत्तर विभाग कतारगामच्याच नावाने ओळखला जातो.

क्षयरोगाला जे जे हवे असते ते सारे अशा ठिकाणी सापडते. हा रोग हवेतून पसरतो. रोग्याच्या खोकल्याबरोबर उडालेले सूक्ष्म कण बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात; मोकळी हवा आणि सूर्यप्रकाश असेल तर ते लवकर निष्प्रभ होतात. हिऱ्यांच्या कारखान्यात एका ‘घंटी’भोवती, म्हणजे पैलू पाडण्याच्या फिरत्या चाकाच्या मेजाभोवती, साधारणतः चार कारागीर खांद्याला खांदा लावून दिवसभर बसतात. कोविडच्या काळात, २०२०च्या उन्हाळा-पावसाळ्यात, कतारगाम हा शहरातील सर्वाधिक बाधित विभागांपैकी एक ठरला होता आणि घंटीभोवतीच्या माणसांची संख्या कमी करण्याचे बंधन पालिकेला घालावे लागले होते. श्वासातून पसरणारा रोग या बैठकीत कसा फिरतो, याचा तो जाहीर धडाच होता. क्षयाचे जंतू इतक्या वेगाने धावत नाहीत. ते महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे शरीरात निपचित पडून राहतात आणि माणूस खंगला, अर्धपोटी राहिला, मधुमेहाने किंवा दारूने पोखरला गेला की डोके वर काढतात.

वेड रोडची आठवण

कतारगामला लागून असलेल्या वेड रोडचे नाव आरोग्याच्या इतिहासात एका वेगळ्याच कारणाने नोंदले गेले आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले आणि पुढच्याच महिन्यात सुरतमध्ये फुप्फुसाच्या प्लेगने थैमान घातले. त्याचे पहिले रुग्ण वेड रोडच्या कामगार वस्तीतले होते. अधिकृत आकड्यांनुसार पन्नासहून अधिक माणसे दगावली. पण त्याहून मोठी घटना म्हणजे काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून निघून गेले. अनेक खासगी डॉक्टरांनीही दवाखान्यांना कुलूप लावले. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या लोकांनी मिळेल तिथून मिळवून, कोणी सांगितले नसताना घेतल्या. १९९५ मध्ये महापालिका आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी कचरा, गटारे आणि प्रशासन यांची जी घडी बसवली तिचे कौतुक पुढे देशभर झाले. अधिकार मुख्यालयातून विभागांकडे सोपवणे हा त्या घडीचा गाभा होता.

त्या पळापळीतला एक मुद्दा क्षयरोगाच्या संदर्भात आजही लागू आहे. स्थलांतरित कामगार आजारी पडला की गावाकडे वळतो, कारण शहरात त्याला अंथरुणाला खिळून राहणे परवडत नाही. मजुरी नगावर मिळत असेल तर बुडालेला दिवस म्हणजे बुडालेला पैसा. सहा महिने रोज औषध घ्यावे लागणाऱ्या रोगाला तर अशी भटकंती फार मानवते. म्हणूनच रोग्याला रुग्णालयाकडे ओढण्याऐवजी उपचार त्याच्या वस्तीत, त्याच्या पाळीच्या वेळेत, ओळखीच्या माणसाच्या हातून पोहोचवायचा, ही समाजाधारित क्षयोपचाराची कल्पना कतारगामसारख्या ठिकाणी निव्वळ सोय म्हणून पाहता येत नाही. दुसरा मार्ग जवळजवळ नाहीच.

आरोग्यधामाकडून घराकडे

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्षय म्हणजे आरोग्यधाम, असे समीकरण होते. मिरजेजवळचे वानलेसवाडीचे रुग्णालय १९२० मधले. मुंबईत शिवडी, पुण्यात औंध. कोरडी हवा, दूध-अंडी, सक्तीची विश्रांती आणि घरच्यांपासून दुरावा हा त्या काळाचा उपचार. तो परवडणारे थोडे आणि रोगी अफाट. स्वातंत्र्यानंतर खाटांची मागणी कधीच पुरी होणार नाही, हे दिसू लागले होते.

याच पेचातून १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोग औषधोपचार केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास राज्य सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचा तो संयुक्त उपक्रम होता आणि वॉलेस फॉक्स हे त्याचे वैज्ञानिक सूत्रधार होते. त्यांनी विचारलेला प्रश्न अगदी साधा होता. आयसोनियाझिड आणि पॅस ही दोन औषधे वर्षभर द्यायची. निम्म्या रोग्यांना आरोग्यधामात ठेवून, निम्म्यांना त्यांच्या स्वतःच्या घरात. घरे म्हणजे मद्रासच्या गरीब वस्तीतल्या कोंदट खोल्या. आरोग्यधामातल्या रोग्यांना आहार उत्तम, विश्रांती भरपूर. घरच्यांना दोन्ही तुटपुंजे. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षाअखेरीस आरोग्यधामातील सुमारे ९२ टक्के आणि घरी उपचार घेतलेले सुमारे ८६ टक्के रोगी जंतुमुक्त झाले होते. पुढे काही वर्षे या कुटुंबांवर नजर ठेवली असता, घरी राहिलेल्या रोग्यामुळे घरातल्यांना अधिक लागण झाल्याचेही आढळले नाही. लागण व्हायची ती बहुतांशी निदानापूर्वीच झालेली असते आणि औषध सुरू होताच रोगी झपाट्याने निरुपद्रवी होऊ लागतो, हा त्यातला कळीचा शोध होता.

आज सहज वाटणारी ही गोष्ट त्या काळी धक्कादायक होती. जगभरची आरोग्यधामे त्यानंतरच्या दोन दशकांत रिकामी झाली, त्यामागे मद्रासच्या झोपडपट्ट्यांतला हा प्रयोग होता. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत त्याला अद्याप पुरेशी जागा मिळालेली नाही, हे मात्र खरे.

घरी उपचार शक्य झाला, पण त्यातूनच दुसरी अडचण उद्‌भवली. औषध सुरू झाल्यावर महिना-दीड महिन्यात खोकला थांबतो, ताप जातो, भूक लागते. रोगी स्वतःला बरा समजतो आणि गोळ्या सोडतो. शरीरात दडलेले उरलेसुरले जंतू पुन्हा वाढतात आणि या वेळी ते औषधांना दाद न देणारे असू शकतात. १९६२ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम याच ठिकाणी अडखळत राहिला. टांझानियात कारेल स्टिब्लो यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून घडवलेल्या पद्धतीवर आधारित ‘डॉट्स’ धोरण जागतिक आरोग्य संघटनेने नव्वदीच्या दशकात पुढे आणले. थुंकीच्या तपासणीने निदान, ठरावीक मुदतीचा औषधक्रम, अखंड पुरवठा, काटेकोर नोंदी आणि कोणीतरी समोर उभे राहून गोळी गिळताना पाहणे, अशी त्याची बांधणी होती. भारतात १९९३ मध्ये ज्या ठिकाणी त्याची चाचणी झाली त्यांत गुजरातमधील मेहसाणा हे एक होते. १९९७ पासून तो राष्ट्रीय कार्यक्रम झाला आणि मार्च २००६ पर्यंत त्याने सारा देश व्यापला.

भारतीय कार्यक्रमातली एक साधी युक्ती येथे नोंदवण्याजोगी आहे. प्रत्येक रोग्याच्या नावाने संपूर्ण औषधक्रमाची स्वतंत्र पेटी बाजूला काढून ठेवली जाई. साठा संपला म्हणून मध्येच गोळी चुकण्याचा संभवच उरू नये, हा हेतू. ती पेटी आरोग्य केंद्रातच असावी असेही नव्हते. अंगणवाडी सेविका, दुकानदार, शिक्षक, पूर्वी स्वतः क्षयातून बरा झालेला शेजारी यांच्यापैकी कोणाकडेही ती असू शके. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून निरक्षर ग्रामीण स्त्रियांच्या हाती आरोग्यसेवा सोपवून जे दाखवून दिले होते, तेच तत्त्व येथे शासकीय चौकटीत आले.

पाहणारा कोण?

गोळी गिळताना पाहण्याच्या अटीवर मात्र वाद झाले आणि ते योग्यच होते. पाकिस्तानात सुमारे ५०० रोग्यांवर झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन गट केले होते. एका गटावर आरोग्य कर्मचाऱ्याची देखरेख, दुसऱ्यावर घरच्या माणसाची, तिसऱ्यावर कोणाचीच नाही. बरे होणाऱ्यांचे प्रमाण तिन्ही गटांत जवळपास सारखेच निघाले, ५५ ते ६४ टक्क्यांच्या दरम्यान. नुसत्या पाहण्याने काही साधत नाही, असा त्याचा अर्थ. पाहणारा माणूस रोग्याच्या अडचणीत काय करतो, यावर सारे अवलंबून असते.

दुसरीकडे बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८४ मध्ये माणिकगंज येथे गावातल्याच स्त्रियांना स्वास्थ्यसेविका म्हणून तयार केले. रोगी सुरुवातीला थोडी रक्कम ठेव म्हणून देई आणि औषधक्रम पुरा केल्यावर त्याला ती परत मिळे. सेविकेलाही मोबदला मिळे. हैतीच्या डोंगराळ भागात पॉल फार्मर यांनी रोग्यांचे दोन गट केले. औषध दोघांनाही फुकट, पण एका गटाला त्याबरोबर दरमहा थोडे पैसे, सकस आहार आणि घरभेटी. त्या गटातले सर्व रोगी बरे झाले; दुसऱ्यातले निम्म्याहून थोडे अधिक. पुढे लिमा या पेरूच्या राजधानीतील काराबाय्यो वस्तीत, १९९६ पासून, त्यांच्या सहकाऱ्यांनी बहुऔषधप्रतिरोधी क्षयाचे रोगी घरीच बरे करून दाखवले. गरीब देशांत असा उपचार परवडणार नाही, असे तेव्हाचे जाणकार मत होते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत किमान चार महिने उपचार घेतलेल्यांपैकी ८३ टक्के रोगी बरे झाल्याचे दिसले आणि ते मत बदलावे लागले.

भारतातही औषधक्रम बदलला. पूर्वी आठवड्यातून तीनदा दिली जाणारी औषधे रोज द्यावीत असा आग्रह तज्ज्ञ वर्षानुवर्षे धरत होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१७ मध्ये रोजच्या मात्रेचा क्रम देशभर आला. २०२० मध्ये कार्यक्रमाचे नाव ‘राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम’ असे झाले. आता साध्या, म्हणजे औषधांना दाद देणाऱ्या क्षयासाठी पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड व इथाम्ब्युटॉल आणि नंतरचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन, अशी वजनानुसार एकत्रित गोळ्यांची आखणी आहे. देखरेख करणारा आता ‘उपचार सहायक’ म्हणवला जातो आणि तो कुटुंबातलाही असू शकतो. उपचार पुरा झाल्यावर त्याला १,००० रुपये मानधन मिळते. प्रतिरोधी क्षयात ५,०००.

घंटी, मेस आणि दिवाळी

हा कार्यक्रम कागदावरून कतारगामच्या गल्लीत उतरतो तेव्हा त्याला तिथल्या कामाच्या आणि राहणीच्या सवयींशी जुळवून घ्यावे लागते.

हिरे कारागिराचे उदाहरण घ्या. गुजरातेत त्याला ‘रत्नकलाकार’ म्हणतात आणि त्याची सारी कला डोळ्यांत व बोटांत असते. इथाम्ब्युटॉलमुळे क्वचित दृष्टी मंदावते, लाल-हिरव्या रंगांतला फरक ओळखणे जड जाते; आयसोनियाझिडमुळे काहींच्या हातापायांना मुंग्या येतात. पहिला परिणाम मात्रेवर अवलंबून असतो आणि वेळीच औषध थांबवले तर दृष्टी बहुधा पूर्ववत होते. दुसऱ्यावर पायरिडॉक्सिन, म्हणजे ब६ जीवनसत्त्वाची गोळी, हा सोपा प्रतिबंध आहे. पण हे आधी कोणी समजावून सांगितले नाही, तर डोळ्यांवर पोट असलेला माणूस धसका घेऊन पहिल्याच शंकेला गोळ्या बंद करणार. रिफाम्पिसिनने लघवी लालसर होते, हे न सांगितल्यामुळे रक्त जाते आहे असे समजून घाबरणारे रोगी तर सगळीकडेच असतात. डॉक्टर हे दोन मिनिटांत सांगतो आणि रोगी ते तितक्याच वेळात विसरतो. आठवड्याने घरी येऊन ‘दिसते ना नीट?’ असे विचारणारी आशा सेविका किंवा आरोग्य कर्मचारी येथे खरे काम करून जाते.

यंत्रमागावरच्या कामगाराची अडचण वेगळी. वेड रोड आणि आसपासच्या भागात ओडिया कामगार ‘मेस’मध्ये राहतात. जेवण आणि निवारा एकत्र, एका मोठ्या खोलीत डझनावारी माणसे, बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. दिवसपाळीची माणसे कामावर गेली की रात्रपाळीची त्याच जागी येऊन निजतात. खोलीला विश्रांती नाही आणि हवेलाही नाही. कार्यक्रमाच्या नियमांत रोग्याच्या ‘घरातील संपर्कां’ची तपासणी करायची असते आणि ज्यांना रोग नाही त्यांना प्रतिबंधक औषध द्यायचे असते. त्यासाठी आठवड्यातून एकदा, बारा आठवडे घेण्याचा सुटसुटीत क्रमही आता उपलब्ध आहे. पण मेसमध्ये घर कोणते आणि कुटुंब कोणते? एकाच चटईवर पाळीपाळीने झोपणारे दोघे एकमेकांना धड ओळखतही नसतात, मात्र हवा तीच घेतात. घर ही व्याख्या येथे रक्ताच्या नात्यावरून न ठरवता छपरावरून ठरवावी लागते आणि मेस चालवणाऱ्याला विश्वासात घेतल्याशिवाय आरोग्य कर्मचाऱ्याला आत प्रवेश मिळणे कठीण. सकाळी दहाला येणाऱ्या कर्मचाऱ्याला अर्धी खोली झोपलेली आणि अर्धी कारखान्यात सापडते, हा आणखी एक पेच.

मग येते दिवाळी. सुरतचे हिरे कारखाने दिवाळीत साधारण तीन आठवडे बंद राहतात. अमरेली-भावनगरकडे जाणाऱ्या बसगाड्या ओसंडतात. बाजारात मंदी असली तर सुटी लांबते. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर कच्च्या मालाचे आणि पाश्चात्त्य मागणीचे गणित बिघडले, तेव्हापासून अनेकांना असा अनुभव आला आहे. क्षयाच्या औषधात ही तीन-चार आठवड्यांची खिंड सर्वांत धोक्याची. तांत्रिक उपाय आहे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘निक्षय’ या संगणकीय नोंदवहीत प्रत्येक रोग्याला क्रमांक मिळतो आणि त्या आधारे देशात कुठेही उपचार पुढे चालू ठेवता येतो. पण गावच्या केंद्रात जाऊन आपला क्रमांक दाखवायचा म्हणजे गावात बोभाटा, ही भीती असते. बहिणीचे लग्न ठरायचे असते, स्वतःचे ठरायचे असते. म्हणून अनुभवी कर्मचारी सणाच्या आधीच रोग्याला गाठून निघण्याची तारीख विचारतात, पुरतील एवढ्या गोळ्या हाती देतात आणि मध्ये एखादा दूरध्वनी करतात. नोंदवहीपेक्षा हा दूरध्वनी अधिक उपयोगी पडावा, यात नवल नाही.

खासगी डॉक्टर आणि वेर्ण्याचे यंत्र

कतारगामचा कारागीर खोकला सुरू झाल्यावर आधी पालिकेच्या केंद्रात जात नाही. तो गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो, कारण तो डॉक्टर रात्री नऊलाही भेटतो. खोकल्याचे औषध, मग एखादे प्रतिजैविक, मग दुसरे, असे आठवडे जातात. या दिरंगाईत तो किती जणांना लागण देतो, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. मे २०१२ मध्ये क्षयरोग कळवण्यास बंधनकारक आजार ठरला. नंतर कळवणाऱ्या खासगी डॉक्टरला ५०० रुपये आणि उपचाराचा निकाल कळवल्यावर आणखी ५०० अशी तजवीज झाली. २०१४ पासून मुंबई, पाटणा आणि मेहसाणा येथे खासगी डॉक्टरांचे रोगी त्यांच्याकडेच ठेवून त्यांना सरकारी दर्जाची तपासणी व औषधे पुरवण्याचे प्रयोग झाले आणि नोंदींचे प्रमाण लक्षणीय वाढले. डॉक्टरला त्याचा रोगी हिरावला जाईल ही भीती नसेल तर तो सहकार्य करतो, इतका साधा व्यवहार त्यामागे होता.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने आणखी एक अस्वस्थ करणारी गोष्ट उघड केली. लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोक कुठेच दाखवायला गेले नव्हते. शिवाय सापडलेल्या रोग्यांपैकी सुमारे ४३ टक्के असे होते की छातीची क्ष-किरण तपासणी केली नसती तर ते निसटले असते. दोन आठवडे खोकला असेल तर थुंकी तपासा, हा जुना नियम अपुरा आहे, असाच याचा अर्थ. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत हाती धरता येणारी क्ष-किरण यंत्रे घेऊन लक्षणे नसलेल्यांपर्यंतही जाण्यावर भर दिला गेला, तो यामुळेच.

थुंकीची तपासणीही बदलली आहे. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधण्याऐवजी त्यांचा जनुकीय अंश शोधणारी आणि त्याच वेळी रिफाम्पिसिनचा प्रतिरोध सांगणारी यंत्रे आली. त्यांतील ‘ट्रूनॅट’ हे यंत्र गोव्याच्या वाचकांना परके वाटू नये. ते तयार करणारी मोलबायो डायग्नोस्टिक्स ही कंपनी वेर्ण्याची. विजेरीवर चालणारे, वातानुकूलित खोली न मागणारे हे यंत्र छोट्या आरोग्य केंद्रांना सोयीचे ठरले आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. वास्को, वेर्णा, म्हापशाच्या भाड्याच्या खोल्यांत दाटीने राहणाऱ्या परप्रांतीय कामगाराची परिस्थिती वेड रोडच्या मेसहून फार निराळी नाही, हेही येथे लक्षात घ्यावे.

पोटाचा प्रश्न

क्षय आणि कुपोषण यांचा संबंध वैद्यांना राजयक्ष्म्याच्या काळापासून ठाऊक आहे. त्याला आधुनिक पुरावा मिळाला तो झारखंडमधून. अनुराग आणि माधवी भार्गव यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २,८०० रोग्यांना दरमहा दहा किलोंचा शिधा दिला गेला. त्यांच्या १०,३४५ घरच्या माणसांपैकी एका गटालाही तांदूळ-डाळ दिली गेली. शिधा मिळालेल्या कुटुंबीयांत क्षयाचे नवे रुग्ण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळले. फुप्फुसाच्या, म्हणजे पसरणाऱ्या क्षयात ही घट ४८ टक्के होती. पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ यांचा हा परिणाम आहे. कोणत्याही लसीने असे आकडे दाखवले असते तर ती मथळ्यावर आली असती.

शासनाची ‘निक्षय पोषण योजना’ एप्रिल २०१८ मध्ये दरमहा ५०० रुपयांनी सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपये झाली. पैसे थेट बँक खात्यात येतात. स्थलांतरितांचे घोडे नेमके इथे पेंड खाते. खाते गावच्या शाखेत, मोबाइल क्रमांक बदललेला, आधारवरचा पत्ता दुसऱ्या राज्यातला. मेसमध्ये जेवणाऱ्याला तर कोणते अन्न खावे हे ठरवण्याचा अधिकारही फारसा नसतो. सगळ्यांना वाढले जाते तेच त्याच्या ताटात. सप्टेंबर २०२२ पासून ‘निक्षय मित्र’ म्हणून व्यक्ती, संस्था, उद्योग यांनी रोग्यांना शिध्याची पाकिटे देण्याची योजना आली. दानधर्माची परंपरा असलेल्या सुरतच्या व्यापारी वर्गाला ती अपरिचित नाही. तरीही दान हे देणाऱ्याच्या मर्जीवर चालते आणि औषधक्रम तारखेवर, हा फरक उरतोच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने एखाद्या कुटुंबाचा क्षयावरचा एकूण खर्च, बुडालेल्या मजुरीसह, वार्षिक उत्पन्नाच्या २० टक्क्यांहून अधिक झाला तर तो ‘विनाशकारी’ मानावा. औषध फुकट असूनही ही मर्यादा ओलांडली जाते, ती मुख्यतः कामाचे दिवस बुडाल्याने आणि निदानापूर्वीच्या धावाधावीत. घंटीवरची जागा रिकामी ठेवली जात नाही. परतल्यावर ती मिळेल याची हमी देणारा कारखानदार रोग्याला जे देऊन जातो, ते कोणत्याही गोळीत नसते.

पुरवठ्यातली खोट

समाजाधारित उपचाराच्या साऱ्या मनोऱ्याचा पाया म्हणजे अखंड औषधपुरवठा. मार्च २०२४ मध्ये अनेक राज्यांत साध्या क्षयाच्या गोळ्यांचाच तुटवडा पडला आणि केंद्राला राज्यांना तीन महिन्यांपुरती स्थानिक खरेदी करण्यास सांगावे लागले. त्याआधीच्या वर्षी प्रतिरोधी क्षयाच्या औषधांची टंचाई झाली होती. ज्या सेविकेने सहा महिने एक गोळी चुकवायची नाही असे बजावले, तिनेच आज औषध आलेले नाही असे सांगावे, यापेक्षा अवघड प्रसंग तिच्यावर येत नसेल. नावाच्या पेटीची जुनी पद्धत रोजच्या मात्रेबरोबर गेली. तिच्यातला विमा तेवढा टिकवायला हवा होता.

प्रतिरोधी क्षयाचा उपचार पूर्वी दीड-दोन वर्षे चाले आणि त्यातली इंजेक्शने अनेकांचे कान निकामी करून जात. २०१६ पासून मर्यादित स्वरूपात आलेले बेडाक्विलिन आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मान्य झालेला चार औषधांचा सहा महिन्यांचा तोंडी क्रम यांनी ते चित्र बदलले. त्यातील लिनेझोलिडही नसांवर आणि दृष्टीवर परिणाम करू शकते; रक्ताची तपासणीही वारंवार करावी लागते. घरच्या उपचाराला येथे रुग्णालयाची जोड लागतेच. सुरतमध्ये सरकारी नवीन सिव्हिल हॉस्पिटल आणि महापालिकेचे ‘स्मिमेर’ ही दोन मोठी अध्यापन रुग्णालये आहेत. पण ती दोन्ही शहराच्या दुसऱ्या बाजूला आहेत आणि कतारगामहून तिथे जाणे म्हणजे पुन्हा एक बुडालेला दिवस.

भारताने २०२५ पर्यंत क्षयनिर्मूलनाचे लक्ष्य ठरवले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१५ मध्ये दर लाख लोकसंख्येमागे २३७ नवे रुग्ण होते, ते २०२३ मध्ये १९५ वर आले. घट जागतिक सरासरीहून चांगली, पण लक्ष्यापासून दूर. त्या वर्षी जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे २६ टक्के भारतात होते. या आकड्यांत स्थलांतरितांचे स्वतंत्र रकाने नाहीत. सुरतमध्ये निदान झालेला, गंजाममध्ये दोन महिने औषध घेतलेला आणि परत येऊन दुसऱ्या मेसमध्ये उतरलेला रोगी बरा झाला की हरवला, हे शेवटी त्याच्या निक्षय क्रमांकासमोर कोणत्या केंद्राने, कोणत्या तारखेला नोंद केली त्यावर ठरते.